पिंपाची चव आणि सफरचंदाची चव

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य. तिच्या बाटलीवर ‘ओकच्या पिंपात मुरवलेली सायडर’ असे शब्द दिसले, की ग्लासातून येणारा लवंगेचा वास, धुराची झाक आणि जिभेवरचा तुरटपणा हे सारे लाकडाच्या नावावर जमा करून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. एक आहे बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरलेली अमेरिकी सायडर आणि दुसरी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वर्षानुवर्षे वापरलेल्या पिंपातली. (अमेरिकेत नुसते ‘सायडर’ म्हटले, तर बहुधा न आंबवलेला गढूळ रस समोर येतो, म्हणून मद्याला तिथे ‘हार्ड’ हे विशेषण लागते, इंग्लंडात त्याची गरज पडत नाही.)

बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी, असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे सुमारे २०० लिटरचे हे पीप एका वापरानंतर बर्बनच्या कामाचे उरत नाही आणि ते सायडरवाल्यांच्या हाती लागते. लाकडात झिरपून राहिलेली व्हिस्की सायडरमध्ये उतरते, मद्यांशही किंचित वाढतो. ओकमधील लॅक्टोनांमुळे ओल्या नारळाचा, व्हॅनिलिनमुळे व्हॅनिलाचा, तर युजेनॉलमुळे लवंगेचा वास येतो. लवंगेला तिचा वास देणारा मुख्य घटकही युजेनॉलच असल्यामुळे ही तुलना नुसती अलंकारिक नाही.

सॉमरसेटच्या जुन्या पिंपातून मात्र लाकडाची चव कधीच निघून गेलेली असते. ते पीप चव देत नाही. ते थोडी हवा आत येऊ देते आणि आपल्या छिद्रांत जिवाणू व यीस्ट सांभाळते. हे जिवाणू फळातील तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि फळातल्याच फिनॉलिक द्रव्यांपासून मसाल्याचा, धुराचा, कधी जुन्या खोगिराच्या चामड्याचा वास तयार करतात. डॅबिनेट किंवा यार्लिंग्टन मिल यांसारखी ‘कडूगोड’ गटातली, म्हणजे ०.२ टक्क्यांहून अधिक टॅनिन (तुरटपणा आणणारी फिनॉलिक द्रव्ये) आणि ०.४५ टक्क्यांहून कमी आम्ल असलेली सफरचंदे त्यासाठी लागतात. आपण बाजारातून खायला आणतो त्या सफरचंदांत एवढे टॅनिन नसते. लवंग दोन्ही ग्लासांत असते. एकीत ती लाकडातून येते, दुसरीत फळातून आणि जिवाणूंकडून.

चाखताना फरक ओळखायचा असेल, तर सायडर फ्रीजमधून काढताक्षणी पिऊ नये, कारण फार गार सायडरचा वास दबतो आणि तुरटपणा उगाच पुढे येतो. बर्बन-पिंपाच्या सायडरमध्ये नाकाशी आधी व्हॅनिला व कॅरामल येतात आणि सफरचंद मागाहून सापडते. कधी ते सापडतच नाही, आणि माझ्या मते तिथे पीप जास्त झालेले असते. ग्लास रिकामा करून दहा मिनिटांनी हुंगला, तरी त्यात व्हॅनिला रेंगाळलेला असतो. जुन्या पिंपाच्या सायडरमध्ये धूर आणि चामडे यांच्याखाली पिकल्या सफरचंदाचा, त्याच्या सालीचा वास असतोच.

तुरटपणावर मात्र फार विसंबू नये. कडूगोड सफरचंदाचे टॅनिन हिरड्याचा तुकडा चघळल्यासारखे हिरड्या आवळते आणि मागे कडवट शेपूट ठेवते. ओकचे टॅनिन बहुधा कोरडे व लाकडी वाटते. पण कडूगोड फळांचीच सायडर बर्बनच्या पिंपात भरली, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सरावलेली जीभही चकते. नाकात चढणारा व्हिनेगरचा झणका यांपैकी कशातच मोडत नाही. तो पिंपात हवा जास्त गेल्याची खूण आहे. जुन्या पिंपाच्या सायडरचे शौकीन तो अगदी पुसट असेल तर चालवून घेतात, बर्बनच्या गोडसर वासाशेजारी मात्र तो तेवढाही खुपतो.