लाईन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या गावच्या चक्कीवर सकाळी माणसं कडुनिंबाखाली बसलेली असतात आणि त्यांच्या जागी गव्हाचे डबे रांगेत उभे असतात. परवा मी पोचलो तेव्हा पट्टा थांबलेला होता. "लाईन गेली जी," चक्कीवाला म्हणाला. मागून आलेल्या एका बाईनं आपला डबा मधेच टेकवला, तशी एक पोरगी ओरडली, "ओ मावशी, लाईननं या!" चक्कीवाल्यानं लाईनमनला फोन लावला आणि थोड्या वेळानं मोबाइल खिशात टाकला. "त्याचीबी लाईन लागून नाही राहिली." पलीकडे एकजण मुलाचं दुखणं सांगत होता, "सायन्स लाईन झेपत नाही म्हणते."

पाच मिनिटांत पाच लाईनी झाल्या, पण "कोणती लाईन?" असं कुणी कुणाला विचारलं नाही. हे आपण इतकं सहज करतो की यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. पण भाषेचा आणि मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना या प्रश्नानं बराच घाम फोडलेला आहे.

एकाच शब्दाला एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ फुटतात, त्याला अनेकार्थता म्हणतात. फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली या प्रकाराला 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. नुसता उच्चार सारखा असणं ही गोष्ट वेगळी. इंग्रजीत 'बॅट' म्हणजे वटवाघूळ आणि बॅट म्हणजे चेंडू मारायची फळीसुद्धा, पण त्या दोघांची मुळं निराळी आहेत. लाईनचं तसं नाही. तिचे सगळे अर्थ एकाच बुडख्यातून फुटलेत, आणि तो बुडखा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे जवस.

हो, तेच जवस, ज्याची तिखट-मिठाची कोरडी चटणी आपल्याकडे भाकरीसोबत होते. लॅटिन भाषेत जवसाला 'लिनम' म्हणतात. त्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन आणि त्या धाग्याची दोरी म्हणजे 'लिनेआ'. लिनेआची इंग्रजीत लाईन झाली, काही थेट लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेनं. कोटाला आतून लिनन लावायचे म्हणून अस्तराला 'लायनिंग', आणि आज आमच्या गावातला शिंपीही ब्लाउजला लायनिंग लावू का म्हणून विचारतो. लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली वनस्पतींची शास्त्रीय नावं नोंदवली, तेव्हा जवसाला 'लिनम उसिटाटिसिमम' म्हटलं. उसिटाटिसिमम म्हणजे सगळ्यांत उपयोगी. शास्त्रीय नावात एवढं कौतुक फार थोड्या झाडांच्या वाट्याला येतं.

आपल्या वावरातलं जवस बियांसाठी, तेलासाठी. ते बुटकं असतं, वरून फांद्यांनी पसरतं, सकाळी निळं फुलतं आणि ऊन चढेपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होतं. युरोपात धाग्यासाठी लावतात ते याच जातीचं, पण उंच आणि सरळसोट. अंबाडी पाण्यात सडवून वाख काढताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना पुढचं सांगायला नको. तीच रीत. पाण्यातले जिवाणू खोडातला डिंकासारखा चिकट भाग खातात आणि तंतू सुटे होतात. या तंतूचा एक गुण इथं महत्त्वाचा आहे. तो ताणला तरी फारसा लांबत नाही. दोन-तीन टक्के वाढला की तुटतोच. म्हणजे दोन खुंट्यांमध्ये जवसाची दोरी खेचून बांधली की ती लोंबत नाही, ढिली पडत नाही, सरळ राहते.

तिथूनच पुढचे अर्थ निघाले. ताणलेली दोरी म्हणजे लाईन, मग दोरीनं आखलेली रेघही लाईन. गवंडी आजही विटांचा थर लावताना लाईनदोरी बांधतो, म्हणजे एकाच वस्तूत लॅटिन आणि मराठी दोरी दोघी एकत्र नांदतात. रेघेवर उभी राहिलेली माणसं लाईन झाली. कागदावर रेघेनं बसलेली अक्षरं लाईन झाली. इंग्रजी फौजेच्या छावणीत शिपायांच्या झोपड्या ओळीनं असत, त्या लाईन्स. म्हणून नागपुरात सिव्हिल लाईन्स आहे आणि तालुक्याच्या गावी पोलीस लाईन. लोखंडी रुळांची वाट म्हणजे रेल्वे लाईन, ती मुंबईकडून नागपूरला १८६७ साली पोचली. रुळांच्या बाजूनं तारा गेल्या, तार म्हणजे लाईन. तारेवरून बोलणं सुरू झालं, तीही लाईन. माणूस ज्या वाटेनं पोट भरतो ती त्याची लाईन. आणि पोरं बसस्टँडवर जी मारतात, तीही.

आपली भाषा काही याहून वेगळ्या वाटेनं गेलेली नाही. शुल्बसूत्रांतलं 'शुल्ब' म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखायची भूमिती दोरी ताणूनच केलेली. आणि 'सूत्र' म्हणजे मुळात धागाच. तो पुढे नियम झाला, गणितातलं सूत्र झाला, सूत्रसंचालनही झाला.

आता मेंदूचं. एवढे अर्थ असताना तो नेमका एकच कसा उचलतो? डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली एक नामी प्रयोग केला. लोकांना कानात इंग्रजी वाक्य ऐकवलं. त्यात 'बग' हा शब्द होता, ज्याचा एक अर्थ किडा आणि दुसरा चोरून ऐकायचं यंत्र. वाक्यात कोळी आणि झुरळं होती, तेव्हा अर्थ उघडच किड्याचा. 'बग' ऐकू आल्याच्या क्षणी पडद्यावर एक शब्द दाखवायचा आणि तो खरा शब्द आहे का ते ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. 'मुंगी' पटकन ओळखला गेला, यात नवल नाही. पण 'हेर'सुद्धा तितक्याच पटकन! म्हणजे मेंदूनं दोन्ही दारं उघडली होती. मात्र तोच शब्द तीन अक्षरं उशिरा दाखवला, तर फक्त 'मुंगी'चं दार उघडं सापडलं. चुकीचा अर्थ जागा होतो आणि आपल्याला कळायच्या आत झोपवला जातो.

अर्थात, त्यासाठी योग्य अर्थ मुळात माहीत असावा लागतो. माझा पुण्याचा भाचा वावरात आला होता. निंदणाऱ्या बाया म्हणाल्या, "बस, दोनच तास राहिले." तो जाऊन झाडाखाली झोपला. बायांचे 'तास' म्हणजे कपाशीच्या ओळी. वीस मिनिटांत त्या डबे उचलून घरी निघाल्या.

यंत्राची गत त्या भाच्यासारखीच. १९९३ साली क्लॉडिया लीकॉक, जेफ्री टॉवेल आणि एलेन वूरहीस यांनी संगणकाची परीक्षा घ्यायला नेमका 'लाईन' हाच शब्द निवडला. छापील इंग्रजीतली चार हजारांवर वाक्यं घेतली आणि अर्थ सहाच ठेवले : दोरी, रांग, मजकुराची ओळ, टेलिफोन, सीमारेषा आणि कंपनीच्या मालाची मालिका. आजूबाजूचे शब्द पाहून संगणकानं अर्थ सांगायचा. तेव्हाच्या पद्धतींना चारांत साधारण तीनदा बरोबर उत्तर आलं. चक्कीवरची ती पोरगी पहिल्याच फटक्यात पास झाली असती.

त्या सहांत आपली लाईन, म्हणजे वीज, नव्हती. इंग्रज माणसाला 'लाईन गेली' म्हटलं तर तो फोन तपासेल. पुण्या-मुंबईकडे 'लाईट जाते', भरदुपारी पंखा बंद पडला तरी लाईटच. विदर्भात लाईन जाते. माझा आपला एक अंदाज आहे : शहरानं विजेला दिव्यावरून ओळखलं, शेतकऱ्यानं तारेवरून. ओलिताच्या मोटारीला उजेडाशी काय देणंघेणं? "या हप्त्यात रात्रीची लाईन आहे" हे वाक्य ऐकून ज्याच्या डोळ्यांसमोर गमबूट, बॅटरी आणि हरभऱ्याचं वावर येतं, त्याच्यासाठी हा शब्द परका कसा म्हणायचा? जॉर्ज झिफ या अमेरिकी भाषाभ्यासकानं १९४५ साली दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरला जातो, त्याला अर्थही जास्त असतात. वापरून वापरून आपण त्याला आणखी एक अर्थ दिला.

चक्कीवरून पीठ न घेताच परतलो. आई चुलीपुढे जवस भाजत बसली होती, तडतड चालली होती. तिला म्हटलं, लाईन हा शब्द या जवसातून आलाय. तिनं कालथा थांबवला नाही.

"मंग बराबर हाये," ती म्हणाली. "माह्या माहेरी खांब नोयते, तवा जवसाच्या तेलाचाच दिवा लावत."