सेरेस की वेस्टा? दोन्ही एकाच पट्ट्यातले, पण आतून पार वेगळे

सेरेस आणि वेस्टा हे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातले दोन मोठे लघुग्रह, त्यांच्यात लोकांचा कायम घोळ होतो, आणि तो होणं साहजिक आहे कारण मोठा आहे सेरेस (व्यास साधारण ९४० किमी) पण आकाशात जास्त चमकतो तो ५२५ किमीचा वेस्टा. सेरेसचा पृष्ठभाग इतका काळपट की पडलेल्या उजेडातला जेमतेम ९ टक्के परत फिरतो, वेस्टावरून ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणून पट्ट्यातला नुसत्या डोळ्यांनी कधीमधी दिसणारा लघुग्रह म्हणजे वेस्टा, तेही गावापासून लांब, पूर्ण अंधारात.

शोधाच्या कथा मात्र एकमेकींत अडकलेल्या आहेत. १ जानेवारी १८०१ ला सिसिलीत पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत होते आणि वृषभ राशीतला एक अंधुक ठिपका दुसऱ्या रात्री जागेवरून सरकलेला दिसला. फेब्रुवारीपर्यंत नोंदी घेतल्या, मग ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. चोवीस वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञाने त्या मोजक्या नोंदींवरून कक्षा काढून दिली आणि वर्ष संपता संपता तो परत सापडला, मला तर हे गणित मूळ शोधाइतकंच मोठं वाटतं. वेस्टा सापडला २९ मार्च १८०७ ला, ब्रेमेनच्या हाइनरिश ओल्बर्सना. हे पेशाने डॉक्टर, रात्री घराच्या माडीवरून वेध घ्यायचे. एखादा ग्रह फुटून हे लघुग्रह झाले असावेत म्हणून ते मुद्दाम शोधतच होते (ती कल्पना पुढे टिकली नाही), आणि नाव ठेवायचा मान त्यांनी गाउसलाच दिला.

आता खरा फरक. वेस्टा फार लवकर तयार झाला, तेव्हा त्याच्यात किरणोत्सारी अॅल्युमिनियम भरपूर होतं, त्याच्या क्षयातून निघालेल्या उष्णतेने तो आतून वितळला, लोखंड खाली बसून गाभा झाला आणि वर लाव्हा थिजून बेसॉल्टचं कवच, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा तीच जात. सेरेस बहुधा उशिरा बनला, तोवर ते इंधन बरंचसं संपलेलं, शिवाय त्याच्यात बर्फ खूप, त्यामुळे खडक वितळलाच नाही, पाणी आणि खडक मिळून चिकणमाती, क्षार असं सगळं झालं. घनता बघितली तरी कळतं, वेस्टा सुमारे ३.५, सेरेस २.२, पाण्याची १ धरून.

नासाचं डॉन यान २०११ मध्ये वेस्टाभोवती फिरलं आणि २०१५ मध्ये सेरेसला पोचलं, तिथल्या ऑकेटर विवरातले पांढरे डाग निघाले सोडियम कार्बोनेटचे, खालून खारं पाणी वर येऊन आटलं आणि मागे राहिलेले क्षार. वेस्टाच्या दक्षिण टोकाला ५०० किमीचं रियासिल्व्हिया विवर आहे, ते ज्या टकरीतून झालं त्यात उडालेले तुकडे अजूनही पृथ्वीवर पडतात, राजस्थानात लोहावटला १९९४ मध्ये पडलेला दगड त्याच घराण्यातला.

२००६ पासून सेरेसला बटुग्रहही (गोल, पण पूर्ण ग्रहाचा दर्जा नसलेला) म्हणतात, वेस्टाला नाही, कारण तो तेवढा गोल नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, वेस्टाचे दगड प्रयोगशाळेत कापून तपासता येतात आणि सेरेसचा म्हणून खात्रीने ओळखलेला एकही दगड अजून कोणाकडे नाही, त्यामुळे ऑकेटरमधले ते क्षार यान पाठवून आणायलाच हवेत.