कंपायलर फुकट, मग खर्च कशाचा?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराच्या मुलीने पेट्यांच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला, असे समजू. पेटीचा भाव ३,५०० रुपये आणि पेट्या १२; दोन्ही आकडे तिने ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संख्या साठवण्याच्या नावाच्या जागेत, ठेवून गुणाकार छापला. अनेक महाविद्यालयांत अजूनही भेटणाऱ्या टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामला यंत्राला कळेल असे रूप देणाऱ्या साधनाच्या, निळ्या पडद्यावर उत्तर येते उणे २३,५३६, तर तोच प्रोग्राम आजच्या संगणकावर जीसीसी या मोफत कंपायलरने तयार केल्यास येते ४२,०००. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी १९८७ साली १६ बिटी डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आला. त्यामुळे त्याच्या १६ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) इंटमध्ये ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. त्यापुढे गेले की ६५,५३६ वजा होऊन उत्तर उणे बाजूला जाते.

दोष मात्र केवळ जुनेपणाचा नाही. आर्डुइनो उनो या हौशी लोकांच्या छोट्या सर्किट बोर्डाच्या ८ बिटी आवृत्त्यांसाठी प्रोग्राम तयार करणारा एव्हीआर-जीसीसी आजही वापरात आहे, तरी त्याचाही इंट १६ बिटांचाच असतो, कारण तो मुळात ८ बिटी चिपसाठी लिहिलेला आहे. म्हणून हिशेब मोठा असेल तेथे बिटांची संख्या नावातच सांगणारे ‘इंट३२_टी’सारखे प्रकार वापरावेत, ते १९९९ च्या सी-मानकापासून उपलब्ध आहेत. टर्बो सी त्याआधीचा असल्याने ही सोय त्यात नाही. शिवाय ६४ बिटी विंडोजवर तो थेट चालत नाही, त्यासाठी डॉसचे सोंग आणणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम लागतो. परीक्षेपुरता तो ठीक. छंदासाठी त्याच्यामागे लागण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आपण ज्याला सरसकट कंपायलर म्हणतो, ती खरे तर एक साखळी असते. प्रीप्रोसेसर मजकूर जुळवतो, कंपायलर त्याचे असेंब्लीत, म्हणजे यंत्रभाषेच्या वाचता येणाऱ्या रूपात, रूपांतर करतो, असेम्ब्लर त्यातून यंत्रभाषा काढतो आणि लिंकर तयार लायब्ररी (आधीच लिहून ठेवलेला कोड) जोडून चालवण्याजोगी फाइल बनवतो. चुका शोधण्यासाठी डीबगर आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांसाठी ‘मेक’ ही जोड हवी. निवड करायची ती या संपूर्ण साखळीची, आणि ती तीन प्रश्नांवर ठरते: प्रोग्राम कोठे चालणार, आपले यंत्र कोणते आणि डाउनलोड किती झेपेल.

परवान्यासाठी पैसे मोजण्याची गरज हौशी माणसाला आज जवळजवळ उरलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी आणि एलएलव्हीएम या कंपायलर बांधणीच्या साहित्यावर उभा असलेला क्लँग हे दोन्ही मोफत असून मोठमोठे उद्योग तेच वापरतात. उपकरणांत बसणाऱ्या छोट्या ८०५१ चिपवर काम करायचे असेल तर एसडीसीसी हा मोफत कंपायलर आहे. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी व्यक्तिगत वापरासाठी मोफत असले तरी ते काही जीबी जागा घेते. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच जाणाऱ्या गावात खरा खर्च नेमका येथे होतो: अर्ध्यावर तुटलेल्या डाउनलोडचा आणि संपलेल्या डेटाचा.

त्यामुळे माझी पसंती अशी. जुन्या, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हलक्या डेस्कटॉपसह डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकावी आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज घ्यावे. त्यात जीसीसी आणि मेक एकत्र येतात, डीबगर जीडीबी मात्र वेगळा मागवावा लागतो. विंडोज सोडायचे नसेल तर मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा जीसीसीचा विंडोजसाठीचा संच पुरे. घरी नेट नसेल तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आणायला सांगावा, पण ‘ऑफलाइन’ हा शब्द ठासून सांगावा, कारण नुसता छोटा इन्स्टॉलर घरी येऊन पुन्हा इंटरनेटच मागतो. संगणकच नसेल तर अँड्रॉइड फोनवरील टर्मक्स या आज्ञा टंकण्याच्या ॲपमध्ये क्लँग चालतो. सुरुवातीला तेवढेही पुष्कळ आहे, मात्र बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावाचून दोनशे ओळी टंकण्याची हौस फार दिवस टिकत नाही.

जीसीसी घ्या की क्लँग, इशारे देणारा ‘-वॉल’ (-Wall) हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा. ‘इफ’च्या कंसात दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच पडले, तर भाषेच्या नियमांनुसार ती चूक नसते आणि प्रोग्राम निमूटपणे तयार होतो, हा पर्याय असला की जीसीसी ती ओळ दाखवून हटकतो.

एक शंका नेहमी विचारली जाते: फुकटच्या कंपायलरने बनवलेला प्रोग्राम विकता येतो का? येतो. जीसीसीच्या परवान्यात त्याच्या सोबतच्या लायब्ररीसाठी खास सवलत दिलेली आहे, त्यामुळे आपला सोर्स कोड, म्हणजे आपण लिहिलेला मूळ प्रोग्राम, उघड करण्याचे बंधन येत नाही. जीसीसीमध्येच बदल करून तो इतरांना वाटायचा असेल, तर मात्र त्या बदलांसह त्याचा संपूर्ण सोर्स द्यावा लागतो.