अस्थिर आयडलिंग

अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःला चालू ठेवते, त्या चालण्याला आयडलिंग म्हणतात. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनात हा वेग बहुधा मिनिटाला ६५० ते ८५० फेरे असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर तो काही काळ १,२०० च्या पुढे जातो आणि मग उतरतो. तो दोष नव्हे. इंजिन गरम झाल्यावरही धक्के देत असेल, रेस आपोआप वरखाली होत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल किंवा गाडी थांबली की इंजिन बंद पडत असेल, तर आयडलिंग अस्थिर आहे असे समजतात. यातला धक्क्यांचा प्रकार गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ या शब्दाने ओळखला जातो.

हा दोष नेमका आयडलिंगलाच का उघडा पडतो, हे समजले की निदानाचे निम्मे काम होते. चार सिलिंडरांचे फोरस्ट्रोक इंजिन ७५० फेऱ्यांवर सेकंदाला २५ वेळा इंधन पेटवते. त्यातला एक सिलिंडर निकामी झाला, तर सेकंदाला सुमारे सहा वेळा जोर तुटतो, आणि इतक्या संथ लयीचा धक्का गाडीत बसलेल्याला स्पष्ट कळतो. वेग वाढला की फ्लायव्हील या जड चाकाचा फिरता भार हे खंड बऱ्याच अंशी भरून काढतो. दुसरे कारण हवेचे. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा ओढते आणि इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या ४५ ते ५५ सेंटिमीटरने कमी असतो. अशा वेळी चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपातून शिरणारी जास्तीची हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते; थ्रॉटल उघडला की तीच गळती नगण्य होते. म्हणून रेस दिल्यावर नाहीशी होणारी थरथर प्रथम हवेच्या गळतीकडे बोट दाखवते.

थरथरीचा स्वभाव ओळखणे हे पहिले काम, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. ठरावीक लयीत बसणारा धक्का बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. लय नसलेली, कधी इथे कधी तिथे अडखळणारी चाल सगळ्या सिलिंडरांना मिळणाऱ्या मिश्रणातला बिघाड सुचवते. फेऱ्यांचा काटा स्थिर असून फक्त गाडीचे अंग थरथरत असेल, तर इंजिन मुळात ठीक असू शकते आणि इंजिनाला आधार देणारे रबरी माउंटिंग खचलेले असते. ही शक्यता फार वेळा विसरली जाते आणि चांगले प्लग उगाच बदलले जातात.

त्यानंतर गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना ओबीडी-२ ही प्रमाणित निदानव्यवस्था सक्तीची झाली, पुढे इतरत्रही ती पसरली. तिच्यात पी०३०० हा कोड म्हणजे अनेक सिलिंडरांतले मिसफायर (इंधन नीट न पेटणे), पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. कोड लक्षण सांगतो, गुन्हेगार नव्हे. पी०१७१ पाहून एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलणे ही चूक सर्रास होते. सेन्सर तर बिचारा खरी बातमी देत असतो. त्यापेक्षा फ्युएल ट्रिमचे आकडे वाचावेत. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग इंधन लागते, आणि हे प्रमाण राखण्यासाठी संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते ट्रिम दाखवते. आयडलिंगला ट्रिम अधिक २० टक्के आणि २,५०० फेऱ्यांवर शून्याजवळ, तर हवेची गळती. उलट, भार वाढेल तसे ट्रिम वाढत गेले, तर इंधनपंप, फिल्टर किंवा हवामापक सेन्सर तपासावा. गळतीची जागा शोधायला इनटेकमध्ये धूर सोडण्याची चाचणी सर्वांत खात्रीची. गरम इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित असली तरी तिच्यात आगीचा धोका आहे.

दोष एका सिलिंडरचा असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढतात. जो काढल्याने चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर कामच करत नसतो. मग इंजिन बंद करून त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोड कॉइलमागोमाग गेला तर कॉइल खराब, नाही तर हीच अदलाबदल प्लग आणि इंजेक्टरची. एक पैसाही न खर्चता होणारी ही परीक्षा सुटे भाग विकत घेण्याआधी व्हायलाच हवी. तिन्ही निर्दोष ठरले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजावे. जळालेला व्हॉल्व्ह किंवा फुटलेले हेड गॅस्केट तिथेच सापडते.

सगळ्या सिलिंडरांना सारखा त्रास असेल तर थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बन, उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा) किंवा पर्ज (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह आणि पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातले वायू इनटेकमध्ये सोडणारा) व्हॉल्व्ह हे नेहमीचे संशयित. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर अनेक गाड्यांत संगणकाला थ्रॉटलची बंद स्थिती पुन्हा शिकवावी लागते. तसे न केल्यास सफाईनंतर रेस चढलेली राहते आणि मालकाला वाटते, दुरुस्तीनेच बिघाड झाला.

डिझेल इंजिनात हवेच्या गळतीला एवढे महत्त्व नाही. तिथे इंजेक्टरकडून परतणाऱ्या इंधनाची तुलना करून दोषी इंजेक्टर शोधतात.

मिसफायर चालू असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी पुढे रेटू नये. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटते आणि एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. मग एका प्लगचे काम फार महागात पडते.