बारावीचे टक्के आणि सीईटीचं पर्सेंटाइल: कोणतं कुठं चालतं, आणि कमी फीचं कॉलेज त्यातनं कसं शोधायचं

माझ्या भाच्याला बारावीला ५७ टक्के पडले. ताईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. दाजी टॉवेलच्या कारखान्यात कामाला, त्यांना वाटलं इंजिनिअरिंगचं आता संपलं. पुढं सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि पोराला ९६ पर्सेंटाइल. तरी घरात आनंद नाही, कारण शेजारचे म्हणाले बारावीला सत्तावन्न म्हणजे चांगलं कॉलेज कोण देणार, आणि एका ॲडमिशनवाल्यानं तर "मॅनेजमेंटमधनं सीट बघून देतो, लवकर पैसे भरा" म्हणून फोनवर फोन लावले. तेव्हापासून मला हे सगळ्यांना सांगायचंय की टक्के आणि पर्सेंटाइल ऐकायला सारखे वाटतात पण दोन्हीचं काम पूर्ण वेगळंय.

टक्के सोपे आहेत, १०० पैकी किती मिळाले ते. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागं किती पोरं आहेत ते. सीईटी बऱ्याच शिफ्टमधे होते, एखादा पेपर अवघड एखादा सोपा, म्हणून तुमच्याच शिफ्टमधल्या पोरांशी तुलना करतात. समजा शिफ्टला २०,००० पोरं होती आणि त्यातल्या १९,२०० जणांना तुमच्याएवढे किंवा कमी मार्क पडले, तर तुमचं पर्सेंटाइल ९६. पेपर २०० मार्कांचा असतो, त्यात तुम्हाला १९२ पडले असा याचा अर्थ अजिबात होत नाही. दाजी पेढे घेऊन निघालेच होते "शंभरात शहाण्णव" म्हणत, त्यांना बसवून समजवावं लागलं.

आणि उलटी बाजू पण बघा. राज्यात चार लाख पोरं बसली असं धरलं तर ९६ च्या वर १६,००० जण असतात आणि ९९ च्या वर ४,०००. म्हणजे कागदावर तीनचा फरक, पण मधे १२,००० पोरं उभी आहेत. टक्क्यात ९६ आणि ९९ जवळजवळ सारखेच, पर्सेंटाइलमधे नाहीत.

आता मुद्द्याचं. आपल्या राज्याच्या कॅप राउंडमधे, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र सरकारी प्रवेश फेरीत, बारावीचे टक्के म्हणजे फक्त उंबरा. इंजिनिअरिंगला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय मिळून ओपनला ४५ टक्के आणि आपल्या राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के पाहिजेत. तेवढं झालं की पुढं मेरिट लिस्ट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, ५७ वाला आणि ८७ वाला एकाच रांगेत. दोघांचं पर्सेंटाइल अगदी सारखं आलं तर आधी विषयवार पर्सेंटाइल बघतात, मग कुठं बारावीचे मार्क निघतात. मात्र जेईई या देशपातळीच्या परीक्षेतनं एनआयटी, ट्रिपल आयटी, आयआयटी बघत असाल तर तिथं उंबरा उंच आहे, बारावीला ७५ टक्के नाहीतर आपापल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमधे नाव, एससी एसटीला ६५ टक्के. बघा, एकाच नियमात दोन्ही शब्द आलेत, म्हणूनच गोंधळ होतो. ५७ वाल्यानं जेईईत कितीबी स्कोअर केला तरी ते दार बंद राहतं, त्याच्यासाठी खरी जागा म्हणजे राज्याचा कॅपच.

मग कमी फी कुठं? सरकारी आणि अनुदानित कॉलेजं पहिली, कराडचं सरकारी, नांदेडचं एसजीजीएस, सांगलीचं वालचंद. इथं आपल्याकडं कायम घोळ होतो, सांगलीतलं वालचंद १९४७ सालचं अनुदानित आणि आपल्या सोलापूरचं वालचंद १९८३ सालचं खासगी, लोक दोन्हीला नुसतं वालचंद म्हणतात आणि ऑप्शन फॉर्म भरताना फीचा अंदाज चुकतो. सांगली कराडला अख्ख्या राज्यातनं पोरं येतात म्हणून कटऑफ वर असतो. खासगी कॉलेजात बहुतेक ठिकाणी होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना ७० टक्के जागा असतात, आणि सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं, म्हणजे त्या जागांना स्पर्धा आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांशी. पण होम युनिव्हर्सिटी तुम्ही राहता कुठं त्यावर नाही, बारावी कुठनं पास झालात त्यावर ठरते. अकरावी-बारावीला लातूरला गेलेलं आपलं पोरगं नांदेड विद्यापीठात धरलं जातं, हे कित्येक आईबापांना ॲडमिशनच्या वेळी कळतं तेव्हा फार वाईट वाटतं.

माझ्या मते टक्के कमी पण पर्सेंटाइल चांगलं असलेल्या पोराला सगळ्यात मोठी संधी टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेची आहे आणि तीच लोक सोडून देतात. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर ५ टक्क्यांपर्यंत या जागा असतात, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, आणि ट्यूशन फी चारही वर्षं माफ. डेव्हलपमेंट फी वगैरे भरावीच लागते. जागा जातात सीईटीच्या मेरिटवर, बारावीचे टक्के कोणी विचारत नाही. कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा वर जातो, नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, म्हणून विचार करून ऑप्शन टाका, याचा चॉईस कोड पण वेगळा असतो. हे नाही मिळालं तर शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी होते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच ८ लाख. मॅनेजमेंट कोट्यातनं गेलं की यातलं काहीच मिळत नाही. त्या फोनवाल्यानं हे एकदा पण सांगितलं नव्हतं.

भाच्याला इथंच सोलापुरात टीएफडब्ल्यूएसमधनं मेकॅनिकल मिळालं. पुण्यातलं एक नाववालं खासगी पण लागत होतं, पण तिथली फी, त्यावर हॉस्टेल, मेस, हुतात्मा एक्स्प्रेसनं येणंजाणं, चार वर्षांचं कागदावर मांडलं तेव्हा ताईनंच सांगितलं इथलं घे. आता डबा घरचा आणि संध्याकाळी घरी.

ज्यांची पोरं यंदा बसणार आहेत त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात इतकी गर्दी होते की दाखला वेळेत मिळत नाही, आणि दाखल्यावाचून टीएफडब्ल्यूएसचा ऑप्शनच भरता येत नाही, आमचा दाखला फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हातात आला होता.