रुग्णालय-इमारतींची स्थितीपाहणी व दुरुस्तीक्रम

रुग्णालयाची इमारत आणि तिच्यातील वीज, पाणी, ऑक्सिजनवाहिनी, लिफ्ट, मलवाहिन्या कोणत्या अवस्थेत आहेत हे तपासून, हाती असलेल्या पैशांत आधी काय दुरुस्त करायचे व काय नव्याने बांधायचे हे ठरविण्याची पद्धत. शाळेची दुरुस्ती सुट्टीत उरकता येते. रुग्णालयाला सुट्टी नसते. एक वॉर्ड रिकामा करायचा तर खाटांसाठी दुसरा वॉर्ड आधी हाताशी लागतो.

नागपुरात जुन्या इमारतींचा प्रश्न मोठा आहे. ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, तर ‘मेयो’ रुग्णालय एकोणिसाव्या शतकातील. त्याला जोडून इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. शासकीय इमारतींची देखभाल प्रामुख्याने सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. त्यात स्थापत्य व विद्युत या शाखा वेगळ्या. दोघांचा मेळ बसला नाही की आज केलेले प्लास्टर उद्या वायरिंगसाठी फोडले जाते.

पाहणीत स्लॅबचे पोपडे, उघडी पडलेली सळई, गच्चीच्या भेगेत रुजलेला पिंपळ हे डोळ्यांना दिसते. काँक्रीटची अवस्था जोखण्यासाठी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून कठीणपणा मोजणारे उपकरण) व अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी आरपार सोडण्याची) चाचणी करतात. छतावरच्या ओलीचा दोष पावसाला दिला जातो, पण पुष्कळदा गळती वरच्या मजल्यावरील संडास-बाथरूमची असते. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे आवारभिंती तडकतात आणि जमिनीखालच्या नळांचे सांधे निखळतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की जुन्या वायरिंगवर कूलर व एसींचा भार पडतो.

रूढ मोजमाप म्हणजे प्रलंबित दुरुस्तीच्या खर्चाला इमारत नव्याने बांधण्याच्या खर्चाने भागणे. उत्तर ५ टक्क्यांच्या आत आले तर इमारत चांगली, १० टक्क्यांच्या वर गेले तर वाईट, असा ढोबळ दंडक आहे. हा आकडा सोयीचा, पण फसवा. १०० कोटींच्या इमारतीत ४ कोटींची कामे बाकी असतील तर ती कागदावर ठणठणीत ठरते. त्या चार कोटींत शस्त्रक्रियागृहाचा जनरेटर असला तरीही. म्हणून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत बाकी कामांचा खर्च धोक्यानुसार चार श्रेणींत मांडतात. बिघाडाची शक्यता किती आणि झालाच तर रुग्णाचे काय होईल, हे दोन प्रश्न त्यामागे असतात. दर्शनी भागाच्या रंगकामाला या हिशेबात फारसे गुण मिळत नाहीत. व्यवहारात मात्र पाहुणे यायचे असले की तेच आधी होते.

शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचा मुद्दा ऐरणीवर आला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते.

वेळापत्रकही क्रमाचाच भाग आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मृग लागण्याआधी, विजेची कामे उन्हाळ्याआधी व्हायला हवीत. निधी मात्र बरेचदा मार्चअखेरीस हातात पडतो, तेव्हा कूलर लागलेले असतात.