खडकातलं तेल, टाकीतलं तेल

९ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन रणगाडे मायकोपमध्ये शिरले. कॉकेशस पर्वताच्या उत्तर पायथ्याचं हे गाव तेलासाठी प्रसिद्ध होतं. ते तेल उपसायला जर्मनीने काही हजार माणसांची तांत्रिक ब्रिगेडही उभी केली होती. तेलक्षेत्रात पोचल्यावर त्यांना दिसल्या तोंडाशी काँक्रीट ओतलेल्या विहिरी, जळून गेलेल्या साठवण टाक्या आणि मोडून टाकलेली यंत्रं. विहिरींच्या नळ्यांत लोखंडाचे तुकडे कोंबलेले होते. जर्मन तिथे जवळजवळ सहा महिने राहिले. एवढ्या काळात त्यांना काढता आलेलं तेल जास्तीत जास्त दिवसाला सत्तर पिंपांच्या आसपास होतं. सत्तर पिंपं म्हणजे सुमारे अकरा हजार लिटर कच्चं तेल. त्या काळच्या पँझर-३ रणगाड्याच्या टाकीत ३२० लिटर पेट्रोल मावायचं. कच्च्या तेलाच्या प्रत्येक थेंबाचं पेट्रोल झालं असं धरलं, तरी पस्तीसेक रणगाडे एकदा भरतील, एवढंच ते तेल.

दुसऱ्या महायुद्धातल्या कॉकेशसच्या मोहिमेबद्दल वाचताना मी पुन्हा पुन्हा याच आकड्यापाशी थांबतो. गाव जिंकलं, जमीन जिंकली, खाली तेलही होतं, पण रणगाड्याच्या टाकीत आलं नाही. खडकातलं तेल आणि टाकीतलं तेल यांच्यामध्ये किती गोष्टी याव्या लागतात हे समजलं, की या मोहिमेचा सगळा अर्थ लागतो.

आधी जर्मनीची गरज पाहू. कोळसा भरपूर आणि तेल जवळपास नाही, अशी त्या देशाची स्थिती होती. म्हणून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कोळशापासून पेट्रोल करायची वाट शोधली. पेट्रोलमध्ये कार्बनच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे साधारण दोन अणू असतात, कोळशात एकही पुरता नसतो. तेव्हा कोळशाची पूड करून, उत्प्रेरक घालून, साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दोनशे किंवा त्याहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली तिच्यात हायड्रोजन घुसवायचा. या कामासाठी फ्रीडरिश बेर्गिउस यांना १९३१ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पद्धत यशस्वी होती, जर्मन विमानांचं बरंचसं इंधन याच कारखान्यांतून यायचं. पण एक टन इंधनासाठी कित्येक टन कोळसा, अवाढव्य पोलादी भांडी आणि प्रचंड ऊर्जा लागायची. त्याला रुमानियातल्या प्लोएश्त इथल्या तेलाची जोड होती. तरीही रशियाच्या मैदानात पसरलेल्या लाखोंच्या सैन्याला ते पुरेना. १ जून १९४२ रोजी पोल्तावा इथल्या बैठकीत हिटलरने सेनापतींना सांगितलं, की मायकोप आणि ग्रोझनीचं तेल मिळालं नाही तर मला हे युद्ध थांबवावं लागेल. जनरल पाउलुस यांनी पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात ही साक्ष दिली. मायकोप आणि ग्रोझनीच्या पलीकडे, कॅस्पियनच्या काठावर बाकू होतं. १९४१ साली एकट्या बाकूने सुमारे २ कोटी ३५ लाख टन तेल काढलं होतं. सोव्हिएत संघाच्या एकूण तेलाचा हा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा.

पण हे तेल तिथेच का? आणि नेमका तिथेच युरोपातला सर्वांत उंच पर्वत का उभा? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी आल्प्सपासून अरल समुद्राच्या पलीकडेपर्यंत एक लांबलचक समुद्र होता. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला पॅराटेथिस म्हणतात. महासागराशी त्याचा संबंध तुटत गेला आणि तळाशी प्राणवायू पोचेनासा झाला. वरच्या पाण्यात मरणारे सूक्ष्म जीव खाली पडायचे, पण प्राणवायू नसल्याने पुरते कुजायचे नाहीत. सुमारे दोन कोटी वर्षं ही काळी चिकणमाती साचत राहिली. आज तिला जगभर ‘मायकोप माला’ म्हणतात. दक्षिणेकडून अरबी भूपट्ट युरेशियाला रेटत होता, आजही तो वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. या रेट्याने थरांच्या वळ्या पडल्या आणि कॉकेशसचे वली पर्वत उभे राहिले. त्यांची झीज होऊन वाहून आलेला गाळ दोन्ही अंगांच्या खोलगट भागांत साचला आणि त्याच्या ओझ्याखाली ती काळी माती आणखी खोल दबली. जमिनीत खाली जावं तशी उष्णता वाढते. साठ ते सव्वाशे अंशांच्या टप्प्यात पोचल्यावर मातीतल्या त्या जैव द्रव्याचं तेल झालं. ते वर सरकत वाळूच्या सच्छिद्र थरांत शिरलं आणि त्याच रेट्याने पडलेल्या कमानींखाली अडकून राहिलं. ग्रोझनीजवळच्या तेरेक आणि सुन्झा या डोंगररांगा म्हणजे अशा कमानीच. बाकूचं तेल ज्या वाळूत साठलंय, तिचा मोठा भाग प्राचीन व्होल्गा नदीने आणून टाकलेला आहे.

म्हणजे ज्या टकरीने तेल तयार करून साठवलं, तिनेच त्याच्या वाटेत भिंतही उभी केली. कॉकेशसकडे मी युद्धाचं मैदान म्हणून पाहूच शकत नाही, तो मला आधी भूगर्भशास्त्राचा धडा वाटतो. त्या धड्यात लाखो माणसं सापडली, हे फार दुःखाचं आहे.

मायकोपची रचना तर आणखी अवघड. इथलं तेल सरळ कमानीत नाही. ते नदीच्या जुन्या, गाडल्या गेलेल्या पात्रासारख्या अरुंद वाळूच्या पट्ट्यात आहे, हे इव्हान गुब्किन या रशियन भूगर्भशास्त्रज्ञाने १९११च्या सुमारास दाखवलं होतं. पट्टा सापडला तर तेल, शेजारी भोक पाडलं तर कोरडं. अशा ठिकाणी जुनी चालू विहीर हीच खरी संपत्ती, आणि नेमक्या त्याच विहिरी बुजवलेल्या होत्या.

बुजवण्याची जबाबदारी निकोलाय बायबाकोव यांच्यावर होती. ते बाकूजवळच जन्मलेले तेल अभियंता, वय जेमतेम एकतीस. स्टॅलिनने त्यांना बोलावून जे सांगितलं ते त्यांनी पुढे लिहून ठेवलं: जर्मनांच्या हाती एक टन जरी तेल लागलं तर तुम्हाला गोळी घालू, आणि तेलक्षेत्र आधीच उद्ध्वस्त केलंत नि जर्मन तिथे आलेच नाहीत, तरीही गोळी घालू. ज्या विहिरी उभ्या करण्यात या लोकांचं आयुष्य गेलं, त्यांच्यातच त्यांना आपल्या हातांनी काँक्रीट ओतावं लागलं. विहीर मारणं सोपं आणि परत जिवंत करणं जवळपास अशक्य असतं. काही सेंटीमीटर रुंदीच्या, शेकडो मीटर खोल नळीत अडकलेलं लोखंड आणि घट्ट झालेलं काँक्रीट काढण्यापेक्षा नवी विहीर खोदणं परवडतं. त्यासाठी खोदाईचे मनोरे हवेत, पोलादी नळ्या हव्यात, वीज हवी आणि जाणकार कामगार हवेत. त्यातलं काही मागे राहिलं नव्हतं.

मायकोपहून पुढे ग्रोझनी आणि बाकूकडे निघालेल्या सैन्याला वेगळाच हिशेब नडला. कॉकेशसच्या उत्तरेकडच्या रोस्तोव शहरापासून बाकू सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर. पँझर-३ चांगल्या रस्त्यावर एका टाकीत दीडशे किलोमीटर जायचा, कच्च्या वाटेवर त्याहून बराच कमी. त्याला इंधन पुरवणारी मालमोटारसुद्धा इंधनावरच चालते. आघाडी जितकी दूर जाईल, तितका आणलेल्या इंधनाचा मोठा हिस्सा ते आणण्यातच जळतो. एका टप्प्यानंतर मोटारी स्वतःपुरतंच वाहून नेतात. हाच नियम डोंगरातल्या खेचरालाही लागू आहे. खेचर शंभर किलो ओझं नेतं आणि दिवसाला पाच किलो चारा-दाणा खातं. वीस दिवसांच्या वाटेवर काही उगवत नसेल, तर मुक्कामी पोचेपर्यंत त्याने आपलं ओझं खाऊन संपवलेलं असेल. १९४२च्या उन्हाळ्यात जर्मन पहिल्या पँझर सैन्याने इंधन विमानाने आणलं, गवताळ प्रदेशात उंटांवरूनही वाहिलं. तरी रणगाडे कित्येक दिवस जागेवर उभे राहिले. त्या सैन्याचा सेनापती क्लाइस्ट याने युद्धानंतर अपयशाचं मुख्य कारण इंधनाचा तुटवडा हेच सांगितलं. तेलाकडे निघालेलं सैन्य तेलावाचून थांबलं.

दरम्यान जर्मनांच्या पर्वतीय डिव्हिजन मुख्य रांगेतल्या खिंडींवर चढत होत्या. पलीकडे काळ्या समुद्राचा किनारा आणि सुखुमी बंदर. डोंगर आपोआप राखण करतील अशा समजुतीने सोव्हिएत सेनेने खिंडींत फारच थोडी माणसं ठेवली होती, त्यामुळे २७८१ मीटर उंचीची क्लुखोर खिंड ऑगस्टच्या मध्यालाच पडली. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, यावरून उंचीचा अंदाज यावा.

इथे युद्धाचे नेहमीचे नियम बदलतात. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते. हवेचा विरोध कमी, म्हणून तोफगोळा सपाटीच्या कोष्टकातल्या आकड्यापेक्षा लांब जाऊन पडतो. १९९९ साली कारगिलमध्ये आपल्या तोफखान्यालाही हे गणित नव्याने मांडावं लागलं होतं. बंदुकीचं गणित आणखी चकवणारं. चढावर असो वा उतारावर, गोळी किती खाली येईल हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं, तिरप्या अंतरावर नाही. तीस अंशांच्या उतारावर चारशे मीटरवरचं लक्ष्य नेमबाजाने सुमारे साडेतीनशे मीटरवर आहे असं धरायला हवं, नाहीतर गोळी डोक्यावरून जाते. मैदानात शिकलेल्या सैनिकाला हे कोण सांगणार? सरळ मारा करणारी तोफ कड्यामागे लपलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, उंच कमानीतून गोळा टाकणारी उखळी तोफ पोचते. म्हणून डोंगरात उखळी तोफेला सोन्याचं मोल. जर्मनांची ७५ मिलिमीटरची डोंगरी तोफ आठ भागांत सुटी होऊन खेचरांवर चढायची. त्यात स्फोटांनी कडे ढासळायचे, हिमलोट सुटायचे, आणि खडकाची कपची लागली तर तीही गोळीसारखीच घाव करायची.

२१ ऑगस्टला कॅप्टन ग्रोटच्या तुकडीने कॉकेशसच्या सर्वांत उंच शिखरावर, ५६४२ मीटर उंच एल्ब्रुसवर, जर्मन झेंडा लावला. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू. गिर्यारोहण म्हणून ती चढाई मोठीच होती. हिटलर मात्र संतापला. खिंडी ओलांडायच्या सोडून माणसं शिखरावर वेळ घालवताहेत, असा त्याचा थयथयाट चालल्याचं त्याचा मंत्री अल्बर्ट श्पेअर याने नोंदवलंय. एकदाच का होईना, त्याचं म्हणणं बरोबर होतं: त्या झेंड्याने एक लिटर तेलही जवळ आलं नाही.

त्याच पर्वतात, त्याच दिवसांत झालेली दुसरी चढाई मला कितीतरी मोठी वाटते. बाक्सान खोऱ्यातलं तिर्निआउझ हे टंगस्टन आणि मॉलिब्डेनमच्या खाणींचं गाव. जर्मनांनी खोऱ्याचं तोंड अडवल्यावर सोव्हिएत गिर्यारोहकांनी खाण कामगारांची कुटुंबं ३३०० मीटरहून उंच बेचो खिंडीतून पलीकडे जॉर्जियात उतरवली. दीड हजाराच्या आसपास माणसं, त्यात दोनशेहून जास्त मुलं. गिर्यारोहणाची साधनं नसलेल्या, उंचीची सवय नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना त्यांनी हिमनदीवरून दोरांच्या आधाराने नेलं.

मारुख खिंडीतल्या लढाईची खूण वीस वर्षांनी वर आली. १९६२ साली हिमनदीच्या काठावर एका मेंढपाळाला बर्फात सैनिकांचे अवशेष दिसले. त्यानंतर त्या लढाईत मेलेल्या सोव्हिएत सैनिकांना सन्मानाने पुरण्यात आलं.

सप्टेंबरात हिटलरने या आघाडीचा सेनापती लिस्ट याला काढून टाकलं. ऑक्टोबरात खिंडी बर्फाने बंद झाल्या. ग्रोझनी हाती लागत नाही असं दिसल्यावर जर्मन विमानांनी तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर बाँब टाकले. जे मिळवायला आले होते, तेच जाळायला लागले. नोव्हेंबरात व्लादिकाफ्काझच्या वेशीवर त्यांची शेवटची धडक परतवली गेली आणि स्टालिनग्राडला जर्मन सैन्यच वेढलं गेल्यावर माघार सुरू झाली.

बाकू पडलं असतं, तर? तेल जर्मनीला न्यायचं कसं, हा प्रश्न उरलाच असता. काळ्या समुद्रात जर्मनीकडे तेलवाहू जहाजं पुरेशी नव्हती आणि रशियाचे रूळ जर्मन रुळांपेक्षा रुंद. भीती मात्र खरी होती, कारण कॉकेशसच्या पलीकडे इराण आणि इराकचं तेल होतं. तिथे राखणीला ब्रिटिश हिंदुस्थानचं सैन्य होतं. २५ ऑगस्ट १९४१च्या पहाटे शत्त-अल-अरब नदीच्या पाण्यातून नावेने जाऊन इराणमधला आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना ताब्यात घेणारे सैनिकही बहुतांशी हिंदी होते.

वाहतुकीचा हा प्रश्न बाकूलाही चुकला नाही. जर्मनांनी उत्तरेकडचा लोहमार्ग तोडल्यावर बाकूत तेल होतं, पण पाठवायला वाट नव्हती. टाक्या तुडुंब भरल्या. कॅस्पियनवरून पलीकडच्या काठावरच्या क्रास्नोवोद्स्कला, तिथून वाळवंटातल्या रेल्वेने लांबचा वळसा घेऊन तेल जाऊ लागलं. जहाजं कमी पडली तेव्हा रेल्वेच्या तेलाच्या वाघिणीच समुद्रात सोडून बोटींनी ओढत नेल्या. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे बंद वाघीण भरलेली असतानाही तरंगते. किझ्लिआर ते अस्त्राखान हा नवा लोहमार्ग १९४२च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि स्टालिनग्राडच्या लढाईत त्याचा मोठा आधार झाला.

बाकूतल्याही शेकडो विहिरी खबरदारी म्हणून बंद केल्या होत्या. तिथलं उत्पादन १९४३ पर्यंत १९४१च्या जवळपास निम्म्यावर आलं. त्यांतल्या अनेक विहिरी पुन्हा पूर्वीसारख्या वाहिल्या नाहीत. पण तिथले खोदाई कामगार आणि अभियंते यंत्रांसकट पूर्वेला, व्होल्गा आणि उरलच्या मधल्या पट्ट्यात पाठवले गेले. तिथे ‘दुसरं बाकू’ आहे असं गुब्किन मरेपर्यंत सांगत राहिले, १९३९ साली ते गेले. १९४४च्या सप्टेंबरात बश्किरियातल्या तुइमाझी इथे डेव्होनियन काळातल्या, मायकोपच्या मातीहून दसपट जुन्या खडकातून तेलाचा फवारा उडाला. त्यानंतर १९४८ साली तातारस्तानात रोमाश्किनोचं प्रचंड तेलक्षेत्र सापडलं, आणि पन्नासच्या दशकात या पट्ट्याने उत्पादनात बाकूला मागे टाकलं.